वाचकांचे प्रश्न : गोवराच्या तारखा शोधणारे डॉक्टर पानुम

गेल्या अंकात गोवराच्या लसीविषयी लिहिताना पेटर लुडविग पानुम या डॅनिश वैद्य आणि प्राध्यापकांचा मी दोन ओळींत उल्लेख केला होता. गोवराची लागण झाल्यापासून अंगावर पुरळ उठेपर्यंत साधारण चौदा दिवस जातात, ही गोष्ट त्यांनी १८४६ साली उत्तर अटलांटिक महासागरातल्या काही बेटांवर हिंडून सिद्ध केली, एवढेच मी लिहिले होते. त्या दोन ओळींवर यवतमाळ, अमरावती, वर्धा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या वाचकांनी इतक्या आस्थेने पत्रे पाठवली की या वेळचे सदर त्याच विषयाला देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातून आरोग्यसेवक म्हणून निवृत्त झालो. तीस वर्षे गोवराचे सर्वेक्षण केले, पण पानुम हे नाव आम्हाला प्रशिक्षणात कोणी सांगितले नाही. हे गृहस्थ कोण होते? आपण त्यांना प्राध्यापक म्हटले आहे, तर मग ते बेटांवर साथीत कसे पोहोचले?
— एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : बेटांवर गेले तेव्हा ते प्राध्यापक नव्हते, नुकतीच परीक्षा दिलेले पंचवीस वर्षांचे तरुण होते. त्यांचा जन्म १९ डिसेंबर १८२० रोजी बाल्टिक समुद्रातल्या बॉर्नहोम बेटावर रोने या गावी झाला. वडील लष्करात शल्यवैद्य होते. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी आधी कील (आज जर्मनीत असलेले, पण तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालचे शहर) आणि मग कोपनहेगन विद्यापीठात घेतले आणि १८४५ मध्ये अंतिम परीक्षा दिली. पुढच्याच वर्षी फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ पसरल्याची बातमी कोपनहेगनला पोहोचली. ही बेटे स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मध्ये, डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होती. तिथे डॉक्टर फारच थोडे असल्यामुळे सरकारने दोन तरुण डॉक्टरांना पाठवले, त्यांपैकी एक पानुम आणि दुसरे आउगुस्ट मानिकुस. दोघांनी काम वाटून घेतले आणि सुमारे पाच महिने ते होडीने आणि पायी गावोगाव फिरले.

या साथीचा आकार ध्यानात घ्या. अठरा बेटांच्या त्या समूहाची सारी लोकवस्ती साधारण ७,८०० होती, आणि काही महिन्यांत त्यांतले ६,००० हून अधिक लोक गोवराने आजारी पडले. आपल्याकडे गोवर म्हटले की डोळ्यांसमोर लहान मूल येते, कारण आपल्याकडे तो सतत कुठे ना कुठे असतो आणि माणूस मोठा होईपर्यंत त्याला तो होऊन गेलेला असतो. फेरो बेटांवर मात्र मागची साथ १७८१ मध्ये आली होती. त्यानंतर पासष्ट वर्षे गोवर तिकडे फिरकलाच नाही, कारण बेटांचा व्यापार राजाच्या मक्त्याखाली असल्यामुळे तिथे मोजकीच जहाजे जात. त्यामुळे चाळिशीचा मच्छीमार, नांगर धरणारा बाप, त्याची बायको आणि त्यांची मुले एकाच वेळी अंथरुणाला खिळली. ज्या घरात पाणी द्यायला उभा राहील असा माणूस उरत नाही, त्या घराचे हाल आपण हिवतापाच्या दिवसांत पाहिले आहेत, म्हणून मी ते अधिक वर्णन करून सांगत नाही. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत एक वर्षाच्या आतली बाळे आणि उतारवयातली माणसे जास्त होती, आणि मधल्या वयाची मुले बहुतेक वाचली, ही गोष्टही पानुम यांनीच वयाप्रमाणे आकडे मांडून दाखवली.

रोग आला कसा, याचाही त्यांनी माग काढला. कोपनहेगनचा एक सुतार २० मार्चला निघून २८ मार्चला टोर्शाव्हन या मुख्य गावी उतरला. निघण्याआधी थोडेच दिवस तो गोवराच्या रुग्णांना भेटून आला होता. जहाजावर तो धडधाकट होता. एप्रिलच्या सुरुवातीला त्याला गोवर निघाला आणि पुढे सुमारे पंधरवड्याने त्याच्या दोन जवळच्या मित्रांना. साथीचा पहिला धागा तो हाच. तुम्ही सर्वेक्षणात ‘मागील पंधरा दिवसांत कुठे प्रवास केला होता काय’ हा रकाना तीस वर्षे भरलात, त्या रकान्यामागे असाच विचार आहे.

प्रश्न : मी मेळघाटातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे. त्या काळी जंतू कोणाला माहीत नव्हते, प्रयोगशाळा नव्हती, मग चौदा दिवस हा आकडा त्यांनी ठामपणे कसा सांगितला? तो अंदाज तर नव्हे? मुलांना समजावून सांगता येईल असे उत्तर द्यावे.
— एक शिक्षिका, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : ताई, या प्रश्नासाठी मी आपला फार आभारी आहे, कारण माझ्या मते पानुम यांचे सारे मोठेपण या उत्तरात आहे.

कोपनहेगनसारख्या शहरात कोणाला गोवर कोणापासून झाला हे सांगणे अशक्यच असते. मूल शाळेत जाते, बाजारात जाते, शेजारी खेळते आणि दहा ठिकाणी दहा रुग्ण असतात, म्हणून लागण नेमकी कोणत्या दिवशी झाली हे कळत नाही, आणि तो दिवस कळला नाही तर मधले दिवस मोजायचे कसे? फेरो बेटांवरची गावे समुद्राने आणि कड्यांनी एकमेकांपासून तुटलेली होती. एखाद्या गावात महिनाभरात बाहेरची एकच होडी आली असेल, तर गावातल्या प्रत्येकाला ती होडी आणि तो दिवस आठवत असे. पानुम यांनी त्या आठवणी घरोघर जाऊन विचारल्या.

यांतले सर्वांत स्पष्ट उदाहरण त्योर्नुविक या गावाचे आहे. हे गाव स्त्रेमोय बेटाच्या उत्तर टोकाला आहे. पानुम तिथे पोहोचले तेव्हा गावातले बहुतेक लोक आजारी होते. विचारपूस करता कळले की ४ जूनला गावातली दहा माणसे एका होडीतून वेस्टमाना येथे देवमाशांच्या शिकारीला गेली होती. लहान जातीच्या देवमाशांचा कळप किनाऱ्याकडे आला की आजूबाजूच्या गावांतले पुरुष होड्या घेऊन धावत आणि मांस व चरबी वाटून घेत, ही तिथली जुनी रीत आहे. त्या गर्दीत गोवराचे रुग्ण होते. त्योर्नुविकची दहा माणसे घरी परतली, कामाला लागली, आणि १८ जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. गावातल्या दुसऱ्या कोणालाही त्या वेळी पुरळ नव्हते. मग आणखी सुमारे चौदा दिवसांनी त्यांच्या घरच्यांना आणि उरलेल्या गावाला गोवर निघाला.

आता मुलांना फळ्यावर ४ आणि १८ हे दोन आकडे लिहून वजाबाकी करायला सांगा. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी लागण झालेली दहा माणसे एकाच दिवशी पुरळाने उठतात, याला अंदाज म्हणता येणार नाही. तरीही पानुम एका गावावर थांबले नाहीत. गावामागून गाव त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि उत्तर तेरा किंवा चौदा दिवसांच्या आसपासच आले. दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती अशी की, पहिल्या रुग्णाच्या पुरळापासून दुसऱ्या फळीच्या, म्हणजे त्याच्यापासून लागण झालेल्यांच्या, पुरळापर्यंतही तेवढेच दिवस जातात. म्हणजे रोगी सर्वांत जास्त लागण देतो ती पुरळ उठण्याच्या वेळी. त्याआधी पुष्कळ वैद्य समजत असत की पुरळ वाळून कोंडा पडू लागला की रोग पसरतो. त्या समजुतीला या तारखांनी धक्का दिला. आज आपण जाणतो की रुग्ण पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत लागण देतो, ताप लागणीनंतर सुमारे दहा दिवसांनी येतो आणि पुरळ सुमारे चौदा दिवसांनी. विषाणू १९५४ मध्ये हाती लागला. त्याच्या एकशे आठ वर्षे आधी काढलेला आकडा बदलावा लागलेला नाही.

त्या काळातला मोठा वाद असा होता की असले रोग दूषित हवेने होतात की माणसाकडून माणसाला. पुष्कळ विद्वान हवेच्या बाजूचे होते. पानुम यांनी दाखवले की ज्या गावांनी बाहेरच्यांना येऊ दिले नाही, त्या गावांत गोवर शिरला नाही. लंडनमध्ये जॉन स्नो या वैद्यांनी पटकीचा (कॉलऱ्याचा) माग पाण्याच्या पंपापर्यंत काढला तो १८५४ साली, म्हणजे याच्या आठ वर्षांनंतर. स्नो यांची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते आणि पानुम यांची सांगितली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

मेळघाटात राहणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्या ढाण्यांतूनही, म्हणजे वस्त्यांतूनही, माणसे कामाला बाहेर जातात, काही महिन्यांनी परततात, आणि कोण कधी परतले हे साऱ्या ढाण्याला ठाऊक असते. मी तरुणपणी यवतमाळ जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी होतो, तेव्हा एका तांड्यावर गोवराची साथ आली. मी रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलापुढे तारीख लिहिली, पण ती मी त्याला तपासले त्या दिवसाची. सत्तावीस मुलांपैकी एकवीस जणांपुढे एकच तारीख पडली आणि त्या तारखेतून काहीही कळेना. ही चूक माझी होती. पुन्हा तांड्यावर गेलो आणि एका वयस्क आजीजवळ बसून विचारले, तेव्हा तिने कॅलेंडर न पाहता सांगितले की अमक्याच्या पोराला पोळ्याच्या दिवशी ताप होता, तमक्याच्या पोरीला तान्ह्या पोळ्यानंतरच्या बाजाराला पुरळ दिसले, आणि वीटभट्टीवरचे कुटुंब आले ते पोळ्याच्या आधीच्या दुसऱ्या बाजाराला. त्यावरून सणांच्या व आठवडी बाजाराच्या तारखा लावल्या, तर दोन फळ्या स्वच्छ दिसल्या आणि मधले अंतर दोन बाजारांचे निघाले. पानुम यांचे लिखाण मी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी वाचले. वाचताना ती आजी आठवली.

म्हणून मुलांना सांगताना एवढे अवश्य सांगावे की या शोधात सूक्ष्मदर्शक यंत्र कुठेही नव्हते. गावकऱ्यांच्या आठवणीवर विश्वास ठेवणारा आणि तीच आठवण दुसऱ्या गावच्या आठवणीशी ताडून पाहणारा एक माणूस होता.

प्रश्न : आमची नव्वदीची आजी म्हणते की गोवर आयुष्यात एकदाच निघतो. माझी पत्नी म्हणते की तिच्या भावाला दोनदा निघाला. आणि एकदाच निघत असेल तर लस दोनदा कशाला?
— एक शेतकरी वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : आजींचे म्हणणे खरे आहे, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा पानुम यांनीच दिलेला आहे. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता अशी ९८ वृद्ध माणसे त्यांनी स्वतः पाहिली. १८४६ मध्ये त्यांच्या घरात मुले, सुना, नातवंडे आजारी होती, तरी त्यांतल्या एकालाही गोवर झाला नाही. उलट, जी वृद्ध माणसे १७८१ मध्ये लागणीतून सुटली होती, त्यांना या वेळी म्हातारपणी गोवर निघाला. वय सारखेच, बेट तेच, घर तेच, फरक एवढाच की एकाला लहानपणी गोवर झाला होता आणि दुसऱ्याला नव्हता. पासष्ट वर्षे मध्ये गोवराचा मागमूसही नव्हता, म्हणून अधूनमधून लागण होत राहिल्यामुळे ती शक्ती टिकली असेही म्हणता येत नाही. एकदा मिळालेले संरक्षण आपले आपण जन्मभर पुरते, हे माणसावर याहून स्वच्छपणे दाखवणारी संधी कोणी मुद्दाम घडवून आणू शकला नसता. रोगप्रतिकारशास्त्राची पाठ्यपुस्तके आजही हे उदाहरण देतात.

आपल्या मेहुण्यांबद्दल माझे मत असे की दोहोंपैकी एक आजार बहुधा गोवर नसावा. रुबेला आणि इतर काही तापांतही लाल पुरळ उठते आणि घरी सगळ्यांनाच गोवर म्हटले जाते. खऱ्या गोवरात तीन-चार दिवस चढता ताप, कोरडा खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे आधी येतात, मग कानामागून व चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरते.

लशीचे दोन डोस का, याचे कारण वेगळे आहे. नऊ महिन्यांच्या बाळाच्या अंगात आईकडून आलेले संरक्षण थोडे उरलेले असते आणि त्यामुळे त्या वयात दिलेली लस शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी बाळांनाच लागू पडते. उरलेल्या पंधरांसाठी सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस आहे. पहिला डोस लागू पडला असेल त्याला दुसऱ्याने काही अपाय नाही. हा रोग इतका पसरतो की गावातली शंभरातली पंच्याण्णव मुले संरक्षित असल्याशिवाय साथ अडत नाही, म्हणून दुसरा डोस चुकवू नये.

प्रश्न : मी बी.एस्सी. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पानुम पुढे प्राध्यापक झाले म्हणता, तर त्यांनी साथीच्या रोगांवरच संशोधन केले काय?
— एक विद्यार्थिनी, अहेरी, जि. गडचिरोली

उत्तर : नाही, आणि हीच त्यांच्या आयुष्यातली मनोरंजक गोष्ट आहे. फेरोवरचा निबंध १८४७ मध्ये डॅनिश वैद्यकीय नियतकालिकात आला, जर्मन भाषेतही आला, आणि सत्ताविसाव्या वर्षी त्यांचे नाव झाले. १८४८ ते १८५० च्या डेन्मार्कच्या श्लेस्विग युद्धात त्यांनी लष्करी वैद्य म्हणून काम केले. १८५० मध्ये बांडहोल्म या बंदराच्या गावी पटकी पसरली तेव्हा त्यांना पुन्हा साथीवर पाठवण्यात आले. परंतु त्यांचे मन शरीरक्रियाशास्त्राकडे ओढले गेले होते. १८५१ मध्ये रक्तातल्या फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली, मग जर्मनीत आणि पॅरिसला क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञांकडे प्रयोगाची शिस्त शिकून घेतली, आणि १८५३ मध्ये ते कील येथे प्राध्यापक झाले.

कीलमधल्या कामांपैकी एकावर मी थोडे थांबतो. जखम चिघळली, मांस सडले की रोग्याला थंडी वाजून ताप भरतो आणि तो दगावतो, हे सगळे पाहत होते, पण त्या सडण्यात नेमके काय असते? पानुम यांनी सडलेल्या पदार्थांचा अर्क गाळून घेतला आणि तो तब्बल अकरा तास उकळला. इतक्या उकळण्यात कोणताही सजीव टिकणे शक्य नाही. तरीही तो अर्क कुत्र्यांच्या शिरेत टोचल्यावर ती गंभीर आजारी पडली. म्हणजे विषबाधा करणारा पदार्थ सजीव नव्हता, रासायनिक होता, पाण्यात विरघळणारा आणि उष्णतेने नष्ट न होणारा. हे त्यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केले. जीवाणूंच्या अंगातल्या अशा विषाला एंडोटॉक्सिन हे नाव पुढे १८९२ मध्ये रिखार्ड फायफर या जर्मन जीवाणुशास्त्रज्ञांच्या कामातून मिळाले. आज शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाइनच्या बाटलीत हे विष नाही ना याची तपासणी करूनच ती बाहेर पडते, कारण नुसते उकळून ते जात नाही.

आणखी एक काम डोळ्यांचे. दोन्ही डोळ्यांतल्या प्रतिमा तंतोतंत जुळत नसतानाही आपल्याला वस्तू एकच दिसते. थोड्या फरकापर्यंत मेंदू दोन्ही प्रतिमा एकत्र करतो, आणि त्या मर्यादेला आजही ‘पानुमचे क्षेत्र’ म्हणतात. हे पुस्तक १८५८ चे. नेत्ररोगाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ठाऊक असते ते यामुळे, गोवरामुळे नव्हे. रक्त चढवण्याविषयीही त्यांनी प्रयोग केले आणि १८६३ मध्ये ठामपणे मांडले की एका जातीच्या प्राण्याला त्याच जातीच्या प्राण्याचे रक्त द्यावे. त्या काळी माणसाला मेंढीचे रक्त देण्याचे प्रयोग होत असत, हे लक्षात घेता त्या मताचे मोल कळते.

१८६४ मध्ये डेन्मार्क प्रशिया आणि ऑस्ट्रियाविरुद्धचे युद्ध हरला आणि कील हातचे गेले. पानुम यांनी त्याच वर्षी कोपनहेगन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे अध्यासन स्वीकारले आणि तिथे प्रयोगशाळा उभारून घेतली. देश लहान झाला होता, पण त्यांनी डॅनिश वैद्यकाला युरोपात उभे केले. १८८४ मध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद कोपनहेगनला भरली, तिचे अध्यक्ष पानुम होते आणि पाश्चर व फिर्को यांच्यासारखे नामवंत शास्त्रज्ञ तिथे आले होते. पुढच्याच वर्षी, २ मे १८८५ रोजी, पानुम वारले. त्यांच्या जागी आलेले क्रिस्टियान बोर हे, भौतिकशास्त्रात तुम्ही ज्यांचे अणूचे प्रारूप शिकता, त्या नील्स बोर यांचे वडील. कोपनहेगन विद्यापीठाच्या वैद्यक शाखेच्या इमारतीला आज पानुम यांचे नाव आहे.

प्रश्न : आमच्या भागातल्या कोलाम पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, गावबांधणीचा विधी होतो तेव्हा बाहेरच्याला आत येऊ देत नाहीत. गोवर निघाला तर घराला कडुलिंबाचा डहाळा लावतात, पाहुणा आत घेत नाहीत, पण दवाखान्यातही नेत नाहीत. पानुम असते तर त्यांनी काय म्हटले असते?
— एक वाचक, ता. पांढरकवडा, जि. यवतमाळ

उत्तर : त्यांच्या तोंडी शब्द घालण्याचा अधिकार मला नाही. त्यांनी लिहिले तेवढे सांगतो. ज्या गावांनी स्वतःला बंद करून घेतले ती वाचली, म्हणून दार बंद करण्याला ते अंधश्रद्धा समजत नसत. डहाळा दिसला की शेजारीण मूल कडेवर घेऊन आत येत नाही, हा त्याचा खरा उपयोग आहे, आणि मी माझ्या नोकरीत एकाही घराचा डहाळा काढायला लावला नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुरळ दिसल्यावर डहाळा लागतो, पण लागण त्याआधी चार दिवस सुरू झालेली असते, म्हणून आदल्या चार दिवसांत घरात येऊन गेलेली लहान मुले कोणाची, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे आणि त्यांच्या लशीचे कार्ड पाहावे.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. गोवराने मूल मरते ते बहुधा गोवरानंतरच्या न्यूमोनियाने आणि हगवणीने, आणि डोळा जातो तो ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने. रोग झालेल्या मुलाला एक वर्षानंतर दोन लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांत एक लाख युनिट आणि त्याहून लहान बाळाला पन्नास हजार युनिट ‘अ’ जीवनसत्त्व लागोपाठ दोन दिवस द्यायचे असते. हे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रावर विनामूल्य मिळते. मूल बाहेर न्यायचे नसेल तर सिस्टरला घरी बोलवा, आशाताईला निरोप द्या, ती डहाळ्याखालून आत येईल. श्वास जोरात चालत असेल, बाळ पिणे सोडत असेल किंवा डोळ्यात पांढरेपणा दिसत असेल, तर मात्र त्याच तासाला निघावे. पथ्य म्हणून अन्न तोडू नये, आईचे दूध चालू ठेवावे.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. गेल्या अंकात आपण लिहिले की तारखा नीट लिहिल्या तर साथ ओळखता येते. वहीत काय लिहावे?
— एक आशाताई, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : छापील नमुना आपल्याजवळ असतोच, त्यात भर म्हणून सांगतो. ताप आला तो दिवस आणि पुरळ उठले तो दिवस वेगवेगळे लिहा, आणि आपण घरी गेलात तो दिवस तिसऱ्या जागी. आई तारीख सांगू शकत नसेल तर तिला तारीख विचारूच नका. धान रोवणी कोणत्या शेतात चालली होती, कोणाच्या तेरवीला गेलो होतो, बाजार कोणता होता, एवढे विचारा आणि तिचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा. तारीख आपण मागाहून लावता येते, पण आपण लावलेली तारीख चुकली असेल तर ते शब्दच कामी येतात. मग पुरळाच्या दिवसापासून चौदा दिवस मागे मोजा आणि त्या दिवसाच्या आगेमागे मूल कुठे होते ते पुन्हा विचारा. लागण ते पुरळ हे अंतर सात ते एकवीस दिवसांपर्यंत सरकू शकते, म्हणून एका मुलावरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार मुलांची बोटे एकाच लग्नाकडे किंवा एकाच बाजाराकडे वळू लागली की त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा, आणि पुरळाच्या दिवसापासून चौदा दिवस पुढे मोजून त्या तारखेवरही खूण करा. त्या तारखेच्या आधी ज्या घरांत लस राहिलेली मुले आहेत ती घरे गाठायची आहेत.